साइड स्टँड

व्हर्लिन टोस्ट्रुड आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.
बेमिजीच्या तळ्यावरचा बर्फ अजून
भार पेलण्याच्या लायकीचा होता,
व्हर्लिनचा उजवा गुडघा नव्हता.
ट्रेलरवर त्याची टूरिंग, एक लाख बारा हजार मैलांची,
चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली,
वैद्याकडे निघालेल्या घोड्यासारखी.
मागून आर्डिस उतरली, हातात थर्मास.

मी यादी काढली. चार पानं.
ओळीपुढे चौकोन, चौकोनापुढे डॉलर.
सत्तावीस वर्षं मी दोनाची तीन करतोय,
मला कळतं कुठला चौकोन गाडीसाठी असतो
आणि कुठला शेजाऱ्यासाठी.

"रिव्हर्स घे," मी म्हणालो,
"बाराशे पौंडांचं धूड उतारावर नाक खुपसून उभं केलंस
तर मागे कोण ओढणार, आर्डिस?"
"ओढलंय मी," आर्डिस म्हणाली. "रॅपिड सिटीत. पावसात."
व्हर्लिनने कानामागची सुताराची चपटी पेन्सिल काढली
आणि निमूट खूण केली.

"पुढचा फोर्क थोडा कलता करून घे.
नाहीतर प्रत्येक वळणाला हट्टी वासराशी झटापट,
रात्री खांदे बोलतात."
खूण.
"मागची चाकं आपापली वर-खाली होणारी.
सलग आक्सल स्वस्त पडतो,
पण खड्डा एका चाकाचा आणि हिसका दोघांना.
संसारात चालतं ते. रस्त्यावर नको."
आर्डिस हसली. तो नाही. खूण मात्र केली.
पार्किंग ब्रेकवर मी चर्चा करत नाही,
ती खूण मीच केली.

मग क्रोमच्या जाळ्या, कमानीखालचे निळे दिवे,
डिकीवरचा पंख पसरलेला गरुड,
पेन्सिल सरळ रेषेत खाली गेली,
फळी कापायच्या आधी मारतात तशी.

आर्डिसने चष्मा लावला. पान तीन.
"मागच्या सीटला हात टेकायच्या दांड्या."
"तुला कशाला?" व्हर्लिन म्हणाला. "तू मला धरतेस."
"एकोणचाळीस वर्षं धरलं," ती म्हणाली,
"आता बोटं आखडतात. दांड्या लाव."
त्याने चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं.
कंप्रेसर आपोआप सुरू झाला, आपोआप थांबला.
मग खूण. त्या पानावरची सगळ्यात पुसट.

निघताना दारात वळला.
"स्टँडचं काय करतोस?"
"काढून टाकतो. तीन चाकांना स्टँड कशाला?
आता टेकायला काही झुकणारच नाही."
"राहू दे."
"उगाच खुळखुळेल."
"खुळखुळू दे."

मे महिन्यात न्यायला आला.
चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मी त्याला आठ गिरवायला लावले.
"झुकू नकोस, वळव," मी ओरडतोय,
आणि तो झुकतोय, सगळ्या अंगाने,
ओणवा होऊन एखाद्या जुन्या वळणात शिरावा तसा,
आणि गाडी काही त्याचं ऐकत नाही.
पाचव्या आठाला हात ऐकू लागले.
आठव्याला आर्डिस मागे चढली,
कोपर दांडीवर, कॉफीचा कप दुसऱ्या हातात,
रिकाम्या थिएटरात बसल्यासारखी.

थांबला. इंजिन बंद केलं.
आणि त्याचा डावा पाय, कोणी न सांगता,
खाली गेला, स्टँड शोधला, पुढे ढकलला.
स्टँड उघडला
आणि जमिनीपासून चार बोटं वर
नुसताच लोंबत राहिला.

कोणी काही बोललं नाही.
पायाने तो परत वर घेतला,
मांजर पायात आल्यावर घेतात तसा हलक्याने.

बिलात मी तीही ओळ लिहिली होती:
साइड स्टँड, मूळचा, कायम. पुढे शून्य.
आर्डिसने प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचला,
तिथे आली, बोट थांबलं,
म्हणाली, "हे जरा स्वस्तच लावलंस,"
आणि चेकबुक उघडलं.